वाचनालयातला रिमोट का बंद पडला?

(मंडळाच्या वाचनालयात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी नाट्यसंगीतावर, इतिहासावर, संतसाहित्यावर बोलणारी जाणकार मंडळी येतात. आम्ही तिघं त्यातले नाही. माइक खरखरला, पंख्याचा रेग्युलेटर अडला किंवा आरतीच्या वेळी दिवे गेले की ज्यांच्या नावानं हाका मारल्या जातात, ते आम्ही. अध्यक्षांनी सांगितलं की गेल्या वर्षी रिमोटचं जे प्रकरण झालं ते सगळ्यांना नीट सांगा. अर्धंच माहीत असलेल्या गोष्टीचं पुढे काहीही होतं. म्हणून आज उभे आहोत. थोडं शास्त्र सांगू, आणि आमची चूकही सांगू.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वाचनालयातल्या टीव्हीच्या मागे पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी लावलेली आहे. तो रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. २०१२ साली इंग्लंडातल्या केंब्रिजहून तो बाजारात आला, तो मुलांना संगणक शिकता यावा म्हणून. स्वस्त, वीज कमी खातो, आणि त्याच्या अंगावर चाळीस पिना उघड्या असतात. त्यांना आपल्याला हवं ते जोडता येतं. २०१७ मध्ये मंडळातल्या एका मुलानं तो बसवून दिला आणि नोकरीसाठी तो बंगळूरला गेला. त्या डबीत आपल्या कपाटभर कॅसेटी उतरवून ठेवल्या आहेत. मंडळाची जुनी नाटकं, महिला भजनी मंडळ, गणेशोत्सवातली व्याख्यानं.

या सगळ्याचा कारभार पाहतात ते आपले वाचनालयाचे काका. वय ऐंशीच्या पुढे. हात थोडा कापतो, त्यामुळे माउस त्यांना धरता येत नाही, आणि मोबाइलच्या काचेवर एकाच्या जागी तीन ठिकाणी बोट पडतं. पण रिमोटचं बटण त्यांना नीट दाबता येतं, कारण ते बोटाला लागतं. म्हणून त्या मुलानं संगणकाला रिमोटचा डोळा जोडला होता. टीव्ही जुना, त्याचा स्वतःचा रिमोट संगणकाशी बोलत नाही, म्हणून हा वेगळा छोटा रिमोट. सात बटणं कामाची, बाकीच्यांवर चिकटपट्टी. रोज संध्याकाळी काका एखादं नाटक लावतात. आणि कान देऊन ऐकलंत तर त्या ध्वनिमुद्रणात नटांच्या आधी एक दबका आवाज येतो. तो प्रॉम्प्टरचा. प्रॉम्प्टर म्हणजे आपले काकाच.

तर गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला आठ दिवस असताना रिमोट बंद पडला. कोणतंही बटण दाबा, पडद्यावर काही हलेना. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जे बोललं गेलं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. ‘काकांनी काहीतरी दाबलं.’ ‘पाडला असेल.’ ‘आता हे काम कुणा तरुणाकडे द्यायला हवं.’ खरं सांगायचं तर यातलं एक वाक्य आमच्यातल्याच एकाचं होतं. काका काही बोलले नाहीत. रिमोट खणात ठेवला, खण लावला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग आम्ही बसलो.

पहिला प्रश्न, रिमोट चालू आहे का? रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक उगाच सेल बदलत बसतात. हा उजेड तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यप्रकाशाचे रंग लोलकानं वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवली. तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथेच पारा जास्त चढला. तोच हा न दिसणारा प्रकाश. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो बहुधा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला पुष्कळदा गाळणी असते, म्हणून पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरायचा. रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबायचं. जांभळट ठिपका लुकलुकला की रिमोट ठीक. आपला लुकलुकला. म्हणजे रिमोट पडला नव्हता, बिघडला नव्हता. इथेच काकांवरचा निम्मा आरोप गळून पडला होता, पण आम्ही तेव्हा तसं कुणाला सांगितलं नाही. तेही चुकलंच.

दुसरा प्रश्न, डोळा चालू आहे का? तीन पायांचा काळा मणी असतो. एक पाय विजेचा, एक जमिनीचा, एक निरोपाचा. मल्टिमीटर लावला. विजेच्या पायावर ३.३ व्होल्ट मिळाले. निरोपाच्या पायावरही शांत असताना तेवढेच होते, आणि बटण दाबलं की काटा किंचित खाली लवत होता. डोळा पाहत होता.

तरीही आमचा विश्वास बसेना. एकजण महाराणी रोडवर जाऊन नवा डोळा घेऊन आला. दुकानदारानं जो सर्रास खपतो तो १७३८ नंबरचा दिला. लावणार एवढ्यात आमच्यातल्या एकानं दोन्हींचा माहितीतक्ता काढून पाहिला, म्हणून बचावलो. आपल्या डबीला आहे तो ३८२३८. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण पायांचा क्रम वेगळा. एकात पहिला पाय निरोपाचा, दुसऱ्यात पहिला पाय जमिनीचा. शिवाय १७३८ ला पाच व्होल्ट लागतात, आणि पाच व्होल्ट दिले तर तो निरोपही पाच व्होल्टचाच देतो. या संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. तसाच खोचला असता तर चालणारा डोळा काढून बिनचालणारा बसवला असता, आणि वर पाच व्होल्टला जोडला असता तर संगणकही गेला असता. घरी असं काही जोडणाऱ्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं: आकार सारखा म्हणजे भाग सारखा असं नसतं.

तिसरा प्रश्न तारेचा. इथे नवख्यांची हमखास फसगत होते, कारण पिनांना दोन प्रकारचे नंबर आहेत. एक मोजणीचा, एक नावाचा. डोळ्याची तार ‘जीपीआयओ १८’ वर लागते, पण ती मोजून अठरावी पिन नाही, बारावी आहे. मोजून अठराव्या पिनेचं नाव वेगळंच, जीपीआयओ २४. आपली तार बाराव्या पिनेवरच होती. म्हणजे रिमोट ठीक, डोळा ठीक, तार ठीक. निरोप दारापर्यंत पोचत होता. मग आत काय होत होतं?

आम्ही सरकारी खात्यातली माणसं, तेव्हा आमच्याच भाषेत सांगतो. कार्यालयात टपाल येतं ते आवक-लिपिकाकडे. तो शिक्का मारतो, नोंद करतो आणि ज्याचं त्याला पाठवतो. संगणकात हे काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर म्हणजे त्या एका भागाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम. डोळ्यासाठी ड्रायव्हर बसला असेल तर संगणकाच्या ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरात ‘लिर्क-शून्य’ अशी नोंद दिसते. आम्ही पाहिलं. नोंदच नव्हती. टपाल दाराशी येत होतं आणि खुर्ची रिकामी होती.

लिपिक गेला कुठे? इथे आम्हाला घाम फुटला. कारण रिमोट बंद पडायच्या आदल्याच रात्री, उत्सवात काही अडचण नको म्हणून, आम्ही तिघांनीच त्या डबीत नवं मेमरी कार्ड घालून संगणकाची प्रणाली नवी केली होती. सात वर्षांची जुनी प्रणाली काढून एकदम ताजी. नाटक लागतंय, आवाज येतोय, एवढं कीबोर्डवरून पाहिलं आणि खूश होऊन पोहे खाऊन घरी गेलो. रिमोट कुणीच दाबून पाहिला नाही. काकांनी दाबला तो दुसऱ्या संध्याकाळी.

झालं होतं असं. जुन्या प्रणालीत या डोळ्याचा ड्रायव्हर होता ‘लिर्क-आरपीआय’. तो मूळ लिनक्सचा नव्हता, बाहेरून जोडलेला होता. पुढे लिनक्सच्या गाभ्यातच त्याच कामाचा चांगला ड्रायव्हर तयार झाला, म्हणून ४.१९ या आवृत्तीपासून जुना काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘जीपीआयओ-आयआर’ आला. आमच्या भाषेत जुनं पद रद्द झालं आणि नवं पद मंजूर झालं. योग्यच झालं. पण आपल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत अजून जुन्याच पदाचं नाव होतं. अशा वेळी संगणक ओरडत नाही, थांबत नाही. ओळखीची नसलेली ओळ सोडून देतो आणि पुढे सुरू होतो. पडद्यावर सगळं छान दिसतं.

आम्ही जुनी ओळ काढून नवी लिहिली: ‘डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१८’. प्रत्यक्षात हे इंग्रजी लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहायचं. पिनेसाठीचा शब्दही जुन्यात वेगळा होता, मध्ये ‘इन’ असायचा, तोही बदलला. संगणक बंद करून चालू केला. नोंद नाही. पुन्हा ओळ तपासली, पुन्हा चालू केला. नोंद नाही. रात्रीचे साडेअकरा.

शेवटी उलगडा झाला तेव्हा हसावं की रडावं कळेना. २०२३ साली आलेल्या प्रणालीपासून ती कॉन्फिग फाइल ‘बूट’ या फोल्डरातून उचलून त्याच्या आतल्या ‘फर्मवेअर’ या फोल्डरात नेली आहे. जुन्या जागी त्याच नावाची एक फाइल ठेवलेली असते, आणि तिच्यात सूचना असते की इथे काही लिहू नका, फाइल अमुक ठिकाणी गेली आहे. कार्यालय हललं की जुन्या दारावर पाटी लावतात ना, तशी. ती पाटी आम्ही का वाचली नाही? कारण आदल्या रात्री आम्ही जुन्या कार्डावरची फाइल जशीच्या तशी आणून त्या पाटीवरच चिकटवली होती. सूचना होती. आम्हीच पुसली होती.

योग्य जागी ओळ लिहिली, संगणक चालू केला आणि ‘लिर्क-शून्य’ दिसलं. चालू ड्रायव्हरांच्या यादीतही ‘जीपीआयओ-आयआर-रिसीव्ह’ आलं. लिपिक खुर्चीवर बसला.

तरी रिमोट चालेना! कारण लिपिकाला टपालाची भाषा सांगायची राहिली होती. प्रत्येक रिमोटची बोली असते. आपल्या रिमोटची बोली ‘एनईसी’. बटण दाबलं की उजेड सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. आजूबाजूच्या साध्या उजेडातून आपला निरोप वेगळा ओळखू यावा म्हणून ही युक्ती. पहिली लांब साद ९ मिलिसेकंदांची, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ ठोके. त्यात आठ ठोके पत्त्याचे आणि आठ त्याच्या उलट, आठ बटणाचे आणि आठ त्याच्या उलट. प्रत्येक गोष्ट एकदा सरळ आणि एकदा उलटी सांगायची, म्हणजे मध्ये काही बिघडलं तर लगेच कळतं. फिलिप्सची ‘आरसी-५’ ही बोली अगदी वेगळी, तिचे ठोके १४ आणि लुकलुक ३६ हजारांची. एका बोलीचा निरोप दुसऱ्या बोलीच्या कानाला नुसता खडखडाट.

यासाठी ‘आयआर-कीटेबल’ नावाचं एक साधन आहे, ते मोफत मिळतं. त्यानं विचारलं तर कळतं की कोणत्या बोली चालू आहेत. आपली बंद होती. चालू केली, चाचणी लावली, बटण दाबलं, आणि पडद्यावर बोलीचं नाव आणि बटणाचा आकडा उमटला. त्या क्षणी मध्यरात्री आम्ही तिघांनी हॉलमध्ये जो आरडाओरडा केला त्याबद्दल शेजारच्या काकूंची आज जाहीर माफी मागतो.

उरलं शेवटचं काम. कोणता आकडा म्हणजे कोणतं बटण याचा तक्ता. जुन्या प्रणालीतला तक्ता नवीला कळत नाही, म्हणून सातही बटणं एकेक दाबून आकडे टिपले आणि नव्या पद्धतीची फाइल केली. वर, खाली, ठीक, मागे, सुरू-थांबा, आवाज मोठा, आवाज लहान. आणि ही फाइल संगणक सुरू होताना आपोआप वाचली जाईल अशी नोंदही केली. हे सांगतो आहोत कारण नुसत्या आज्ञेनं चालू केलेली बोली वीज गेली की विसरली जाते. रात्री चाललं आणि सकाळी बंद, असं पुष्कळांचं होतं, ते यामुळे. म्हणून दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी संगणक रीतसर बंद करायचा, वीज काढायची, पुन्हा लावायची, आणि मगच रिमोट दाबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. चहा झाला. काय झालं ते सांगितलं. ड्रायव्हर, फोल्डर, बोली, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘म्हणजे माझा हात चुकला नव्हता?’

आम्ही म्हणालो, ‘नाही काका. चुकलो आम्ही.’

मग ते म्हणाले, ‘अरे, नाटकात नट अडला की मी आधी वही बघायचो. आपलं पान तर चुकलं नाही ना, ते. मग नटाकडे बघायचो.’

मंडळी, दोष शोधण्याच्या शास्त्रावर याहून जास्त आम्हाला काही सांगता येणार नाही. आमची पदविका इलेक्ट्रॉनिक्सची. कॉलेजात शिकवलं होतं की यंत्र काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर मधल्या वेळात काय बदललं ते आधी विचारा. आम्ही मीटर काढला, बाजारात गेलो, सेल बदलले, एका वडीलधाऱ्या माणसाला बोल लावला, आणि तो एक प्रश्न सोडून सगळं केलं. कारण त्याचं उत्तर आम्हीच होतो.

काका त्या संध्याकाळी आले. पण गोष्ट इथे संपत नाही. चतुर्थीला हॉलमध्ये मूर्ती बसली, मखराभोवती दिव्यांच्या माळा लागल्या, आणि रिमोट पुन्हा अडखळू लागला. पाचदा दाबावं तेव्हा एकदा लागे. या खेपेला कुणी काकांकडे पाहिलं नाही. आम्ही विचारलं, कालपासून काय बदललं? माळा. डोळ्याला कच्चा निरोप काय येतो ते पाहिलं, तर कुणी बटण दाबत नसतानाही ठोक्यांचा पाऊस. काही दिव्यांच्या वीज-डब्यांची लुकलुक रिमोटच्या लुकलुकीजवळ जाते. उजेडाचा त्रास रिमोटला पहिल्यापासूनचा. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीचा प्रकाशावर चालणारा पहिला बिनतारी रिमोट आला, तेव्हा खिडकीतून ऊन पडलं तरी टीव्ही आपोआप बदलायचा. पुढच्याच वर्षी त्यांना आवाजावर चालणारा रिमोट काढावा लागला. आपण डोळ्याचं तोंड मखरापासून वळवलं, त्याला काळ्या कागदाची छोटी नळी घातली, आणि विजेच्या तारेवर १०० ओहमचा एक रोध आणि एक लहान कपॅसिटर बसवला. काम पाऊण तासाचं. झांक्या पाहायला आम्ही तिघंही वेळेवर पोचलो.

आता एक शेवटची गोष्ट. तो मुलगा बंगळूरला गेला तेव्हा त्यानं काय कुठे जोडलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याला दोष नाही, कुणी लिहायला सांगितलंच नव्हतं. आता टीव्हीखाली एक लांब वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, काय बदललं, कुणी बदललं, आणि बदलल्यावर रिमोट दाबून पाहिला का, असे चार रकाने आहेत. पिनांचं चित्र आहे, कॉन्फिगची ओळ आहे, सात बटणांचे आकडे आहेत. अक्षर काकांचं आहे, कारण आमच्या तिघांचं मिळून वाचता येत नाही. प्रणाली नवी करायची असेल तर आधी जुनं कार्ड तसंच बाजूला काढून ठेवायचं, आणि उत्सवाच्या आठवड्यात काहीही नवं करायचं नाही, हेही त्यांनी पहिल्या पानावर लिहून टाकलं आहे. शेवटच्या रकान्यात सही त्यांची लागते. त्यांनी रिमोट दाबून पाहिल्याशिवाय ते सही करत नाहीत.

आमच्यातलं कुणी उद्या बदली होऊन गेलं तरी आता डबी अडणार नाही. पण एवढंच पुरेसं नाही. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कुणाला हे शिकायचं असेल तर रविवारी सकाळी वाचनालयात या. एक जुना संगणक, एक डोळा, थोड्या तारा आम्ही ठेवल्या आहेत. चुकलात तरी चालेल, फक्त वहीत लिहा.

आणि आज आरतीनंतर काका एक नाटक लावणार आहेत. कान देऊन ऐका. नटाच्या आधी कोण बोलतं ते कळेल.

गणपती बाप्पा मोरया!